'नाही' आणि 'सापडत नाही'

या सगळ्या प्रकाराला जबाबदार कोण, हे विचारायची सोय नाही. कारण जबाबदार कोण हे ठरवायला बसल्यामुळेच हा सगळा प्रकार झाला.

ज्याच्या डोक्याला हा ताप झाला तो गृहस्थ एका सॉफ्टवेअर कंपनीत बिझनेस अ‍ॅनालिस्ट होता. म्हणजे नेमकं काय करत होता, हे त्याच्या सासऱ्यांना लग्न ठरताना कळलं नव्हतं आणि अजूनही कळलेलं नाही. गिऱ्हाइकाला काय हवं आहे ते त्याच्या तोंडून काढून घ्यायचं, मुद्देसूद लिहायचं आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या हवाली करायचं, असं ते काम. हा मुद्देसूदपणा त्याच्या अंगात इतका मुरला होता की तो भांडतानासुद्धा "मुद्दा क्रमांक एक" अशी सुरुवात करी. ऑफिसात त्याला सगळे मुद्देसाहेब म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्याला ऐकू जाईल इतक्या जवळून म्हणत.

त्याच्या समोरच्या टेबलावर एक बाई बसत. त्या इन्फर्मेशन आर्किटेक्ट. वेबसाइटवर कुठली गोष्ट कुठल्या पानावर ठेवायची, तिला नाव काय द्यायचं, माणसाला ती झटकन सापडेल कशी, हे बघणं त्यांचं काम. जगातली प्रत्येक वस्तू त्यांना कुठल्या तरी कप्प्यात दिसे आणि बहुतेक वेळा चुकीच्या कप्प्यात दिसे. ऑफिसच्या चहाच्या खोलीतले चमचे त्यांनी इतक्या वेळा हलवले होते की लोक शेवटी पेनानं साखर ढवळू लागले. त्या कप्पेबाई.

या दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं असं म्हणणं म्हणजे विस्तवाला कोमट म्हणण्यासारखं आहे. कंपनीकडे डोळ्यांच्या एका मोठ्या हॉस्पिटलची वेबसाइट करायचं काम आलं आणि रोज ठिणग्या उडू लागल्या. मुद्देसाहेब म्हणे, रुग्णाला काय हवं ते मी विचारून आलोय, तुम्ही मध्ये बोलू नका. कप्पेबाई म्हणत, तुम्ही रुग्णाला नाही, हॉस्पिटलच्या संचालकांना विचारून आलात, आणि त्यांचे डोळे ठणठणीत आहेत. हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळेच त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शेवटी मॅनेजर मध्ये पडले. हे मॅनेजर स्वभावानं गोड होते आणि त्यांना स्पष्टतेचा फार सोस होता. ते म्हणाले, "तुम्ही दोघं बसा आणि कुणाचं काम कुठं संपतं, कुणाचं कुठं सुरू होतं, ते एकदाचं लिहून काढा. एकदा लिहिलं की भांडण संपलं."

ज्यानं आयुष्यात कधी काही लिहून काढलं नाही, तोच माणूस असं म्हणू शकतो.

त्या संध्याकाळी मुद्देसाहेबानं जिन्यात भेटलेल्या मोजणीवाल्या काकांना हा किस्सा सांगितला. काका शेजारच्या घरात राहत, जन्मभर जमिनीची मोजणी केलेली, आणि न विचारता सल्ला देण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. ते म्हणाले, "हद्द आखायची तर आख बाबा, पण एक सांगतो. दोन भाऊ इंचाइंचावरून भांडून हद्द आखतात ना, तेव्हा मध्ये एक पट्टी राहते. ती कुणाचीच नसते. पुढं दोघंही आपला कचरा तिथंच टाकतात."

"काका, हे जमिनीचं नाही, माहितीचं आहे."

"मग कचरा जास्त असणार," काका म्हणाले आणि भाजी घेऊन वर गेले.

करारपत्र तयार झालं. देशादेशांमधले तह याहून कमी वादावादीत होत असतील. सार असं होतं की 'काय' हे मुद्देसाहेबानं ठरवायचं आणि 'कुठे' हे कप्पेबाईंनी. वेबसाइटवर काय काय असलं पाहिजे ते याचं, ते कुठे आणि कुठल्या नावानं ठेवायचं ते त्यांचं. तक्रारींचीही वाटणी झाली. एखादी गोष्ट वेबसाइटवर 'नाही' अशी तक्रार आली तर ती मुद्देसाहेबाकडे, 'सापडत नाही' अशी आली तर कप्पेबाईंकडे. या कलमावर दोघंही इतके खूश झाले की त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचं त्यांनी एकत्र चहा घेतला. मॅनेजरांनी सगळ्यांना बोलावून ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या.

फक्त एका ठिकाणी घोडं पेंड खात होतं. रुग्णाला ऑपरेशनची तारीख बदलता आली पाहिजे, असा एक मुद्दा होता. कप्पेबाईंनी विचारलं, "बदललेली तारीख म्हणजे नवी नोंद धरायची की जुनीच? नवी असेल तर 'नाव नोंदवा' या पानावर ठेवते, जुनीच असेल तर 'माझी नोंद' या पानावर. वस्तू काय आहे ते आधी सांगा, म्हणजे जागा देते."

"कुठल्या पानावर हा प्रश्न जागेचा आहे," मुद्देसाहेब म्हणाला. "म्हणजे तुमचा."

"वस्तू काय हे कळल्याशिवाय जागा ठरत नाही. म्हणजे तुमचा."

"तुमचा."

"तुमचाच."

खरं म्हणजे हॉस्पिटलला एक फोन करून विचारलं असतं तर भागलं असतं. पण तो फोन कुणी करायचा, हे करारपत्रात लिहिलेलं नव्हतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी तारीख बदलायचं पान इमानेइतबारे तयार केलं आणि ठेवून दिलं. त्या पानाकडे जाणारं बटण मात्र कुठल्याच पानावर लागलं नाही. घर बांधून झालं, आणि जिना राहिला. वेबसाइट सुरू झाली. मॅनेजरांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मुद्देसाहेब आणि कप्पेबाई यांनी बोलणं टाकलं आणि समोरासमोर बसून एकमेकांना ईमेल पाठवू लागले.

आता घरची गोष्ट. मुद्देसाहेबाच्या आईला मोतीबिंदू झाला होता. आई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका. जन्मभर पोरांच्या उत्तरपत्रिका तपासलेल्या, आणि रोजचं वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचणाऱ्या. आता अक्षरं धुक्यात गेली, तेव्हा बाबा त्यांना पेपर वाचून दाखवू लागले. इथं कुणाला गहिवरून येईल तर त्यानं बाबांना वाचताना ऐकलेलं नाही. बाबा नको त्या बातम्या गाळत, हव्या त्या दोनदा वाचत आणि अग्रलेखाच्या मधोमध स्वतःची मतं बेमालूम घुसडत. पेपर कुठं संपला आणि नवरा कुठं सुरू झाला, हे आईंना कळेनासं झालं.

"अहो, हे संपादक म्हणतात की तुम्ही म्हणता?" त्या विचारत.

"दोघांचं एकच मत आहे," बाबा म्हणत.

आईंना ऑपरेशन हवं होतं ते एवढ्याचसाठी. "मला निसर्ग बघायचा नाही, नातवंडांचे चेहरे मला आवाजावरून कळतात," त्या म्हणत. "मला फक्त माझा पेपर माझ्या हातात हवाय. या माणसाच्या तोंडून जग ऐकून ऐकून मी वेडी होईन." त्याच हॉस्पिटलात, त्याच वेबसाइटवरून, मुलानं आईंचं नाव नोंदवलं. रांग मोठी होती. बरीच वाट पाहिल्यानंतर तारीख आली, आणि तारीख तोंडावर आली तेव्हा आईंना खोकला झाला. साधासुधा नव्हे, घर हादरवणारा. खोकणाऱ्या माणसाच्या डोळ्याला हात लावणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तारीख पुढे ढकला म्हणाले.

मुलगा छाती काढून म्हणाला, "दोन मिनिटांचं काम आहे. आमचीच वेबसाइट आहे."

तासाभरानं त्याचा चेहरा लाल झाला होता. 'नाव नोंदवा' पाहिलं, 'माझी नोंद' पाहिलं, 'आमच्याविषयी' पाहिलं, संचालकांच्या हसऱ्या फोटोवरसुद्धा बोट दाबून पाहिलं. बायको मागे उभी राहून बघत होती.

"अहो, ही वेबसाइट तुम्हीच केलीत ना?"

"माझं फक्त 'काय' आहे. 'कुठे' त्या बाईंचं."

"मग त्या बाईंना फोन करा."

"मी? त्यांना?" तो असा ओरडला की आतून आईंच्या खोकल्याला नवी उबळ आली.

बाईंना फोन करण्यापेक्षा त्यानं हॉस्पिटलला फोन केला. तिकडून एक अत्यंत थंड आवाज म्हणाला, "सर, तारीख वेबसाइटवरूनच बदलावी लागते."

"वेबसाइटवर बटण नाही."

"असेल सर. सापडत नसेल."

त्याच्या कानशिलातली शीर उडू लागली. "मी तुम्हाला सांगतो, नाही. तुम्ही इथूनच बदलून द्या. फोनवरून."

"फोनवरून बदलून द्यायची नाही, असा नियम आहे सर."

"कुठल्या शहाण्यानं केला हा नियम?"

"वेबसाइटवाल्यांनी लिहून दिलाय. रिसेप्शनवरचा ताण कमी व्हावा म्हणून."

तो शहाणा कोण होता, हे त्याला त्या क्षणी आठवलं. मुद्दा क्रमांक सतरा. वाक्यरचनासुद्धा आठवली, आणि ती लिहिताना आपण स्वतःवर किती खूश झालो होतो तेही.

"आणि तारीख न बदलता आम्ही आलोच नाही, तर?"

"मग नाव शेवटी जातं सर."

"शेवटी म्हणजे?"

"शेवटी म्हणजे शेवटी, सर."

त्यानं फोन असा आपटला की बाबा पेपर टाकून बाहेर आले. "काय झालं?" त्यांनी विचारलं. "नाव शेवटी जाणार का? जाऊ दे. मी आहे ना वाचून दाखवायला." आतून आईंनी जे काही म्हटलं ते खोकल्यात बुडालं, हे सगळ्यांच्याच हिताचं झालं.

मग संतापाच्या भरात मुद्देसाहेबानं तक्रार लिहिली. स्वतःच्या नावानं कशी लिहिणार? आईंच्या नावानं लिहिली. आयुष्यभराचा राग त्यात ओतला. 'मी एक वृद्ध व असहाय स्त्री आहे. मुद्दा क्रमांक एक, तारीख बदलण्याचे बटण नाही. मुद्दा क्रमांक दोन, शोधून शोधून डोळे फुटले तरी ते सापडत नाही. उपमुद्दा अ, डोळे आधीच फुटलेले आहेत. मुद्दा क्रमांक तीन, ज्या कोणी ही वेबसाइट केली त्याला आई आहे की नाही?' असं बरंच काही. तक्रार पाठवल्यावर त्याला गार वाटलं. आता जो कुणी तक्रारीच्या खुर्चीवर बसला असेल त्याची चांगली तंतरेल, असं तो बायकोला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये मॅनेजरांनी घसा खाकरून एक तक्रार वाचायला घेतली.

"'मी एक वृद्ध व असहाय स्त्री आहे,'" मॅनेजरांनी सुरुवात केली, आणि मुद्देसाहेबाच्या तोंडचं पाणी पळालं. ते शेवटपर्यंत वाचत गेले. "आजींची भाषा काय ठसठशीत आहे!" ते म्हणाले. "आता करारपत्राप्रमाणे ही कुणाकडे द्यायची?"

कप्पेबाई 'मुद्दा क्रमांक एक' ऐकताच खुर्चीत सरळ बसल्या होत्या आणि 'उपमुद्दा अ'ला त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता. आता त्या शांतपणे म्हणाल्या, "आजी म्हणतात, बटण नाही. 'नाही' म्हणजे यांच्याकडे."

"पुढं 'सापडत नाही' असंही म्हटलंय," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "म्हणजे तुमच्याकडे."

"पान तयार आहे, पण बटण नाही. मग पान नाही म्हणायचं की सापडत नाही म्हणायचं?" मॅनेजरांचे डोळे चमकू लागले. "वा! हा फार मूलभूत प्रश्न आहे. माझ्या मते यासाठी एक तिसरा माणूस नेमावा. आलेली तक्रार 'नाही'ची आहे की 'सापडत नाही'ची आहे, एवढंच तो ठरवेल. तोपर्यंत आजींना आपण उलट विचारू, की आपली तक्रार नेमकी कुठल्या प्रकारची आहे. तारीख गेली तर गेली, पण प्रक्रिया स्पष्ट—"

"तारीख गेली तर गेली?" मुद्देसाहेब उठून उभा राहिला. त्यानं टेबलावर मूठ आपटली आणि पाण्याचा पेला आडवा झाला. "अहो, ती माझी आई आहे! खोकून खोकून बरगड्या दुखतायत तिच्या, आणि त्याहून जास्त बाबांचं वाचन दुखतंय! तिचं नाव शेवटी जाईल, आणि तुम्ही तिसरा माणूस नेमताय? इथं दोन असून काय दिवे लागलेत?"

सांडलेलं पाणी करारपत्राकडे सरकत होतं. ते कुणी पुसायचं हे त्यात लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे कुणी पुसलं नाही.

"मला माहीत आहे तुमची आई आहे ते," कप्पेबाई उठत म्हणाल्या. "तक्रारीला उपमुद्दे दुसरं कोण घालणार? चला."

"कुठे?"

"कुठे हे माझं काम आहे ना? चला म्हणते तर."

शेजारच्या छोट्या खोलीत त्यांनी लॅपटॉप उघडला. दोघांचाही राग उतरला नव्हता. फक्त तो आता एकाच दिशेनं जात होता. कप्पेबाई म्हणाल्या, "एकच सांगा. बदललेली तारीख नवी नोंद की जुनी?"

त्यानं तिथूनच हॉस्पिटलच्या संचालकांना फोन लावला, जो कैक दिवसांपूर्वी लावायला हवा होता. संचालक म्हणाले, "जुनीच की. आजारी पडला म्हणून कुणाचा नंबर घालवायचा का?" एवढंच होतं ते. एवढ्यासाठी दोन शिकलेली माणसं ईमेलनं भांडत बसली होती.

"छान. म्हणजे 'माझी नोंद'वर," कप्पेबाई म्हणाल्या. "पण पानात नेमकं कुठं? तुमच्या आई कुठं शोधत होत्या?"

त्यानं आईंच्या हातात फोन दिलाच नव्हता. तासभर तो स्वतःच दातओठ खात शोधत बसला होता. "तुम्ही कधी कुणाला विचारलंत का," त्यानं उलट विचारलं, "की ते कुठं शोधतात?"

कप्पेबाईंनी त्याचा फोन त्याच्यापुढे सरकवला.

त्यानं घरी फोन लावला. "आई, तारीख बदलायचं बटण कुठं असावं असं तुला वाटतं?"

"हे काय विचारणं झालं?" आई खोकत कडाडल्या. "तारीख लिहिलीय ती जागा सुनेनं तिच्या फोनवर दाखवली, तिथंच मी सकाळपासून बोट दाबतेय. तारीख बदलायची तर तारखेवर दाबणार, की तुझ्या त्या हसऱ्या संचालकावर?"

कप्पेबाईंनी बटण तारखेवरच नेऊन ठेवलं.

वाटलं, आता झालं. पण बदल वेबसाइटवर चढवायला एक चौकट भरावी लागत होती: 'जबाबदार व्यक्ती'. ही चौकट मॅनेजरांनीच बसवून घेतली होती आणि तिच्यात एकच नाव मावत होतं. त्यानं बाईंचं नाव लिहिलं. त्यांनी ते खोडून त्याचं लिहिलं. त्यानं पुन्हा बाईंचं लिहिलं. मग दोघांच्याही लक्षात आलं की आपण पुन्हा तेच करतोय, आणि दोघंही मनापासून ओशाळले. शेवटी त्या चौकटीत कप्पेबाईंनी लिहिलं: 'आई'. कॉम्प्युटरनं ते विनातक्रार स्वीकारलं.

आईंनी तारखेवर बोट दाबलं आणि नंबर न जाता तारीख बदलली. खोकला गेला, ऑपरेशन झालं, पट्टी निघाली. मॅनेजरांनी मध्ये एकदा विचारलं की ही 'आई' कुठल्या विभागाची, तेव्हा कप्पेबाईंनी "बाहेरच्या सल्लागार आहेत" असं सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं.

इथं गोष्ट गोडीगुलाबीनं संपली असती. पण मॅनेजरांनी स्पष्टता सोडली नव्हती. पट्टी निघाल्यावर काही दिवसांनी सकाळच्या मीटिंगमध्ये त्यांनी पुन्हा घसा खाकरला.

"त्या आजी आठवतात, यांच्या आई? त्यांना मी विचारलं होतं, की आपली तक्रार 'नाही' या प्रकारची आहे की 'सापडत नाही' या प्रकारची. खाली आठवण म्हणून त्यांची मूळ तक्रारही जोडली होती. त्यांचं उत्तर आलंय. दोन्ही पर्याय सोडून त्यांनी 'इतर'मध्ये लिहिलंय." त्यांनी चष्मा चढवला. "'ही तक्रार मी लिहिलेली नाही. माझे डोळे आता उत्तम आहेत, त्यामुळे ती पूर्ण वाचता आली. मी वृद्ध आहे हे मान्य. असहाय कोणाला म्हटलं आहे? चौतीस पोरांचा वर्ग मी एका नजरेनं गप्प करत होते. माझ्या नावावर हे वाक्य ज्यानं घातलं, त्यानं आज संध्याकाळी घरी यावं.'"

मॅनेजरांनी मान वर केली. "आता ही तक्रार 'काय'मध्ये जाते की 'कुठे'मध्ये? कुणाकडे द्यायची?"

कप्पेबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांचे खांदे हलत होते. मुद्देसाहेबानं हात वर केला. हे काम आपल्या वाट्याचं आहे का, असं न विचारता त्यानं हात वर करायची ही पहिलीच वेळ होती.

"माझ्याकडे द्या," तो म्हणाला.

संध्याकाळी त्यानं चपला दाराबाहेरच हळूच काढल्या. बायकोनं दार उघडलं आणि बाजूला झाली. बाबा कोपऱ्यात रिकाम्या हातांनी बसले होते, कामावरून काढून टाकल्यासारखे. खिडकीपाशी आई बसल्या होत्या आणि त्यांच्या दोन्ही हातांत उघडा पेपर होता.

"आई, ते काय झालं, मुद्दा क्रमांक—"

"बैस," आई म्हणाल्या. पेपरच्या वर त्यांनी नजरसुद्धा उचलली नाही. "तुझ्याकडे बघतेच. आधी मला हे पान संपवू दे."